सांदवाडीतला खड्डा

कुहीच्या पुढे डांबरी रस्ता सोडला की धानाच्या बांध्यांमधून एक कच्चा रस्ता जातो. तो जिथे संपतो तिथे बाविसेक घरांची एक टोली आहे. तिथल्या शाळेत माझी नऊ वर्षं गेली. शाळा दोन खोल्यांची, शिक्षक दोन. एक हेडमास्तर आणि दुसरी मी. मी कुहीत खोली घेऊन राहत होते. शनिवारी शाळा सुटली की नागपूरला आईवडिलांकडे जायचे आणि सोमवारी सकाळच्या पहिल्या बसने परत यायचे.

टोलीला स्वतःचं असं फारसं काही नव्हतं. रेशन, ग्रामपंचायत, दवाखाना, बस, सगळ्यासाठी मोठ्या गावात जावं लागे. ते अर्ध्या तासाच्या चालीवर. दुसऱ्या बाजूला नाल्यापलीकडे आणखी एक गाव होतं. टोलीतल्या निम्म्या सुनांचं माहेर तिथलं. या दोन्ही गावांतले लोक टोलीच्या लोकांना 'कोटावरचे' म्हणत. म्हणताना ओठ जरासे वाकडे होत.

कोट म्हणजे मातीचा एक उंच, लांबलचक बांध. कुणा जुन्या नगराची ती तटबंदी होती. त्याच्या आत आता गवत, बोरी आणि पळस. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे माणसं राहत होती, व्यापार करत होती, असं सांगणारा एक निळा फलक रस्त्याच्या तोंडाशी उभा होता. त्यावरची निम्मी अक्षरं उन्हाने गेली होती. 'संरक्षित' आणि 'शिक्षा' हे दोन शब्द तेवढे नीट वाचता येत. बकऱ्या त्या फलकाला अंग घासत.

कोटाच्या आतली माती राखेसारखी पांढुरकी. लोक तिला पांढरीच म्हणत. पूर्वी ती गाड्या भरभरून शेतात नेऊन टाकत, कारण तिच्यात पीक चांगलं येतं. घरंही त्याच मातीने लिंपलेली. भिंतींतून खापराचे तुकडे बाहेर डोकावत. पहिलीतली एक मुलगी रोज भिंतीतला एक काचेचा मणी बोटाने चाचपून मगच शाळेत यायची. तिच्या आईने सांगितलं, हिच्या आधी हिचा भाऊ तसंच करत होता.

माझ्या आधी बऱ्याच वर्षांपूर्वी तिथे खोदकाम झालं होतं. त्या खोदकामात असलेले पुरातत्त्व खात्याचे एक साहेब नंतरही वर्षातून एकदा नागपूरहून येत. शाळेत थांबत, मुलांना चित्रं दाखवत. सापडलेली वस्तू विकू नका, मातीतून उपटू नका, मला फोन करा, एवढंच त्यांचं सांगणं असे. एकदा त्यांनी एका मातीच्या पदकाचं चित्र दाखवलं. रोमच्या राजाच्या नाण्याचा ठसा मातीवर उमटवून, वर दोरा ओवायला भोक पाडलेलं. तशी पदकं इथले लोक गळ्यात घालत, ते म्हणाले. मुलांनी घरी जाऊन सांगितलं की आपल्या कोटात रामाच्या राज्यातला पैसा सापडतो. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'रोम' लिहिलं, नकाशा टांगला, समुद्र दाखवला. काही उपयोग झाला नाही. रामटेक जवळ होतं. रोम कुणी पाहिलं होतं?

मला स्वतःला त्या मातीतली एकच गोष्ट मनापासून आवडली. पहिल्याच पावसाळ्यानंतर शाळेच्या वाटेवर मला बोरापेक्षा जरा मोठी, भाजलेल्या मातीची एक चकती मिळाली. मधोमध भोक. मी ती लगेच ओळखली. आमचं घर विणकरांचं. वडिलांनी आयुष्यभर मागावर लुगडी विणली, हात थकल्यावर माग विकला. सूत कातायच्या चातीला खाली वजनासाठी जी चकती लावतात, ती ही. मी ती रुमालात बांधून नागपूरला नेली. वडिलांनी तिच्या भोकात उदबत्तीची काडी खुपसली आणि जमिनीवर फिरवली. ती बराच वेळ फिरत राहिली. "तोल पाह्य," ते म्हणाले. "हाताचा मानूस होता." ती चकती नंतर त्यांच्या चष्म्याच्या डबीत राहिली. साहेबांना मी कळवलं नाही. एवढीशी तर वस्तू, असं मी स्वतःला सांगितलं.

शाळेत मुलांची खिचडी शिजवायला एक बाई होती. पन्नाशीची, उंच, खांदे जरा पुढे झुकलेले. सगळ्यांसारखी मीही तिला मावशी म्हणायचे. ती मला बाई म्हणायची. शेगडीवरून भांडं उतरवलं की आधी वाटीभर माझ्यासाठी काढून झाकून ठेवायची. नवऱ्याचे गुडघे गेलेले, तरी तो शेतात जायचा. एकुलता मुलगा बुटीबोरीला कंपनीत कामाला. त्याचं लग्न नाल्यापलीकडच्या गावातल्या मुलीशी ठरलं होतं. मुलगी बारावी शिकलेली. तिच्या आईने एकच गोष्ट मागितली होती. घरात संडास हवा.

ही मागणी काही जगावेगळी नव्हती. मोठ्या गावात तोपर्यंत घरोघरी संडास झाले होते. टोलीत मात्र कोटाच्या लगत काही बांधायचं तर परवानगी लागते म्हणून ग्रामपंचायत हात झटकायची. लोक नाल्याकडे जात. मावशीने ठरवलं की परवानगीची वाट पाहायची नाही. घरामागच्या सांदवाडीत, जिथे ती वांगी आणि मिरच्या लावायची, तिथे नवऱ्याने आणि मुलाने खड्डा खणायला घेतला.

तिसऱ्या दिवशी ती खिचडी अर्धी सोडून वर्गाच्या दारात आली.

"बाई, जरा येता का? जमिनीतून माठावानी काई निंगालं. पण माठ नोहे थो."

मी गेले. कमरेएवढ्या खड्ड्यात मावशीचा नवरा फावडं धरून उभा होता. त्याच्या पायाशी भाजक्या मातीचं एक कडं दिसत होतं, गाडीच्या चाकाएवढं. त्याच्या खाली तसंच दुसरं. फावड्याने पहिल्याची कड जराशी फुटली होती, आतला रंग विटेसारखा ताजा लाल होता. मी गुडघ्यावर बसून वाकून पाहत राहिले. साहेबांच्या चित्रांत मी अशी कडी पाहिली होती. एकावर एक रचून जमिनीत खोल उतरवलेली.

"काय हाये जी हे?" मावशीच्या नवऱ्याने विचारलं.

"फार जुनं आहे," मी म्हणाले. "विहीर असेल."

"मंग पानी लागन काय?" त्याचा चेहरा काळजीचा. संडासाच्या खड्ड्याला पाणी लागलं तर पंचाईत होती.

मी शाळेत परत आले. वर्गात मुलं पाढे म्हणत होती. मी व्हरांड्यात उभी राहून साहेबांना फोन लावला. त्या वेळी माझ्या डोक्यात कायदा नव्हता, कर्तव्य नव्हतं. मला फक्त कुणाला तरी सांगायचं होतं. मी सापडलेलं पाहिलंय, असं. साहेबांचा आवाज एकदम बदलला. हात लावू देऊ नका, म्हणाले. मावशीला विचारायला हवं होतं, हे मला फोन ठेवल्यावरही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप आली. साहेब, त्यांच्याबरोबर दोघं, मागून मोटारसायकलवर तलाठी. त्यांनी मोजमाप घेतलं, फोटो काढले, खड्ड्याभोवती चार काठ्या रोवून दोरी बांधली. एक कागद मावशीच्या नवऱ्याला वाचून दाखवला आणि अंगठा घेतला. पुढची सूचना मिळेपर्यंत खोदकाम आणि बांधकाम बंद. मावशी चुलीपाशी उभी होती. तिने एकदाच विचारलं, "साहेब, तुमाले खबर कोनं देली?"

साहेब सरळ माणूस. "तुमच्या बाईंनीच तर फोन केला," ते कौतुकाने म्हणाले. "अशी माणसं गावोगावी हवीत."

मावशीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चुलीतलं लाकूड मागे ओढलं. दुसऱ्या दिवशी खिचडी नेहमीसारखी शिजली, मुलं जेवली. झाकलेली वाटी नव्हती. जाताना ती म्हणाली, "येतो मॅडम." त्या दिवसापासून मी मॅडम झाले.

लग्नाला दोन महिने होते. चार दिवसांनी मुलीची आई नाल्यापलीकडून आली. तिने दोरी बांधलेला खड्डा पाहिला, कमरेवर हात ठेवले आणि अंगणातूनच बोलायला लागली. शाळा दोन घरं सोडून, सगळं ऐकू येत होतं.

"मी पयलेच सांगतलं होतं. माह्यी पोरगी लोटा घेऊन नाल्यावर जाईन नाई."

"बांधूनच राह्यलो होतो ना वं," मावशी म्हणाली. "मधातच हे निंगालं. त्याले मी काय करू?"

"मंग निस्तरा. तारीख पुढं ढकला. नाईतर दुसरं पाहा."

मी वर्ग सोडून तिथे गेले. का गेले ते सांगता येणार नाही. बहुतेक बसवेना म्हणून. मी म्हणाले, परवानगी मिळेपर्यंत शाळेतला मुलींचा संडास सुनेने वापरावा. शाळा जवळ आहे, पक्का आहे, पाण्याचा हौद आहे. किल्ली त्यांच्याच घरी राहील. मुलीच्या आईने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुमीच का त्या फोनवाल्या मॅडम?"

"हो."

"मंग तुमच्या घरीच नेऊन ठेवा ना माह्या पोरीले."

ती निघून गेली. मी शाळेत परतले. हेडमास्तर खुर्चीतून उठलेच नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "शाळेची मालमत्ता आहे ती," ते हळू आवाजात म्हणाले. "उद्या कुणी वर लिहिलं तर माझ्यावर येईल." मी म्हणाले, माझ्या सहीने किल्ली देते. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "मला काही माहीत नाही, असं समजा."

पुढच्या आठवड्यात ती मुलगीच एकटी आली. लग्न ठरलेली मुलगी होणाऱ्या सासरच्या गावात एकटी येत नाही, पण ही आली, सायकलवर. सरळ शाळेत. मला म्हणाली, "संडास दाखवता काय?" मी दाखवला. तिने आत जाऊन कडी लावून पाहिली, हौदात हात घातला, खिडकीची उंची मोजावी तसं वर पाहिलं. बाहेर येऊन ओढणीला हात पुसत म्हणाली, "चालते मले. पण कायमचं नाई. अर्ज कोणाले कराचा असते ते सांगा."

लग्न ठरल्या तारखेला झालं. टोलीतल्या सगळ्या घरांना होतं तसं मलाही बोलावणं होतं. मावशीनं ताटात वाढलं, आग्रहही केला. इतर पाहुण्यांना केला तेवढाच.

साहेबांचं पथक दिवाळीनंतर आलं. त्यांना तीन आठवडे खणायचं होतं आणि हाताखाली माणसं हवी होती. त्यांनी मावशीला आणि तिच्या नवऱ्यालाच ठेवलं. स्वतःच्या सांदवाडीत ती दोघं रोजंदारीवर खणत होती. फावडं नाही, कुदळ नाही. लहान खुरपी आणि कुंचला. शाळेची खिचडी त्या दिवसांत नवी सून करायची. मावशीचा हात या कामात फार चांगला बसला. साहेब म्हणत, माती कुठे बदलते हे तिला त्यांच्याआधी कळतं. मधल्या सुट्टीत मी मुलांना घेऊन जायचे. मावशी खड्ड्यातून मुलांना सांगायची, "पाय मांगं घ्या. कडा पडते." माझ्याशी बोलायची नाही, पण मला जागा करून द्यायची.

नऊ कडी निघाली. तळाला बारीक खडे आणि काळी, चिकट माती. साहेबांनी ती चिमटीत घेऊन वास घेतला. मुलं हसली.

"ही पिण्याच्या पाण्याची विहीर नाही," ते म्हणाले. "सांडपाणी मुरवायचा खड्डा आहे. घरातलं घाण पाणी यात सोडत. शोषखड्डाच म्हणा ना."

मावशी कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली. वरून तिचं फक्त डोकं दिसत होतं.

"म्हंजे दोन हजार वर्साआंधी या जाग्यावर होता?"

"हो."

"याच जाग्यावर?"

"हो, इथेच."

"त्याइले कोनं परवानगी देली होती?"

साहेब हसले. मग त्यांचं हसू थांबलं, कारण ती हसत नव्हती. "तुमचा अर्ज मी स्वतः पुढे पाठवतो," ते म्हणाले. पण अर्ज त्यांच्या टेबलावरून पुढे जाऊन आणखी तीन टेबलांवर बसणार होता, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

त्याच काळ्या मातीत, काम संपायला दोन दिवस असताना, मावशीला ते पदक सापडलं. मी तिथे होते. तिने कुंचला थांबवला, दोन बोटांनी काहीतरी उचललं आणि तळहातावर ठेवून फुंकर घातली. रुपयाएवढी मातीची चकती. एका बाजूला चेहरा, कुरळे केस, लांब नाक. वर बारीक भोक.

साहेब खड्ड्यात उतरले. "रोम," ते म्हणाले. "हे बघा, हे रोमच्या नाण्यावरून केलंय." मुलं भोवती गोळा झाली. मावशीचा नवरा वरून वाकून पाहत म्हणाला, "रामाचं नोहे का?" मावशी म्हणाली, "नोहे गा. रामाचं नाक असं हाये काय?" माझ्या तोवरच्या वर्षांत रोम हा शब्द तिथे एवढ्या चटकन कुणाला समजला नव्हता.

चकती कापसात गेली, कापूस डबीत, डबीवर चिठ्ठी. साहेब लिहीत असताना मावशी त्यांच्या मागे उभी राहिली.

"साहेब, त्याच्यावर माह्यं नाव लिवलं काय?"

साहेब थबकले. "यावर खड्ड्याचा नंबर लिहितात. खोली लिहितात. नाव लिहायची पद्धत नाही."

"कोनाचंच नाई?"

"कोणाचंच नाही. माझंही नाही."

तिने मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही. ती पाणी प्यायला गेली.

पथक गेलं. कडी नागपूरला नेली, खड्डा वाळूने भरला, वर प्लॅस्टिक अंथरून माती टाकली. तिथे काही लावायचं नाही, काही बांधायचं नाही. सांदवाडीचा निम्मा भाग असाच रिकामा राहिला. सून रोज सकाळी बादली घेऊन शाळेकडे यायची. शाळा भरायच्या आधी. कधी उशीर झाला आणि मुलं आलेली असली तर ती मान वर ठेवून मुलांच्या रांगेसमोरून जायची. पहिल्या काही दिवसांत मोठी मुलं खिदळली. एकदा तिने थांबून विचारलं, "काहून हसता रे? तुमी कोठी जाता?" त्यानंतर कुणी हसलं नाही.

अर्ज तीच लिहायची. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. पहिल्या अर्जाला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं, की सोबत नकाशा नाही. मग ती आणि मी कुहीला भूमी अभिलेखच्या कार्यालयात गेलो, नकाशाची प्रत काढली. एका रविवारी टेप धरून घराची मापं घेतली. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं मावशीच्या. संरक्षित हद्दीची रेघ मावशीच्या स्वयंपाकघरातून जात होती. चूल आत, पाण्याचा माठ बाहेर. मावशीने ते ऐकलं आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसली. "म्हंजे सैपाक करतो थो गुन्हा, अन् पानी पेतो थे चालते!" मीही हसले. तेवढ्या वेळापुरतं आमच्यात काही अडत नव्हतं.

त्या पावसाळ्यानंतर मावशीच्या नवऱ्याचे गुडघे फारच बिघडले. मी त्यांना नागपूरला धंतोलीतल्या एका डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. आमच्या ओळखीचे होते. तपासणी झाली, फोटो काढायला त्यांना आत नेलं. दोन तास लागतील, म्हणाले. मावशी बाकावर बसून रस्त्यावरची माणसं पाहत होती. विदर्भातून कुठूनकुठून आलेली, हातात फायली, डब्यांच्या पिशव्या. अचानक म्हणाली, "थे पदक इथंच हाये ना, नागपुरात? पाहाले भेटन काय?"

मी साहेबांना फोन केला. या वेळी तिच्या समोर, तिने सांगितल्यावर. त्यांनी लगेच या म्हटलं. ऑटोने जाताना मी घरावरून गेले. दोनच मिनिटं थांबायला सांगून आत गेले आणि वडिलांच्या चष्म्याच्या डबीतून ती मातीची चकती घेतली. वडील झोपले होते. त्यांना उठवलं नाही.

कार्यालयाच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाटं होती. साहेबांनी एक ट्रे काढला, डबी उघडली. मावशीने हात मागे बांधून वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कान मोठे हायेत त्याचे," ती म्हणाली. "तवा मातीनं दिसले नव्हते."

मग मी रुमाल सोडून माझी चकती टेबलावर ठेवली. "हीसुद्धा टोलीतली," मी म्हणाले. "सहा वर्षं माझ्या घरी होती."

साहेबांनी ती उचलून उजेडात धरली. रागावले नाहीत. कुठे सापडली, किती खोल, विचारलं. वाटेवर पडलेली मिळाली, मी म्हणाले. त्यांनी चिठ्ठीवर तसंच लिहिलं. मावशी माझ्याकडे पाहत होती. त्या नजरेत राग होता असं मला वाटलं नाही. बाजारात एखाद्या वस्तूला हातात घेऊन वजन पाहावं तशी ती नजर होती. बाहेर पडल्यावर तिने एवढंच विचारलं, "तुमच्या बाबाले काय सांगाल?"

"खरं सांगेन."

वडिलांना मी खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून त्या रिकाम्या डबीत ठेवला, आणि मग तो विषय आमच्या घरात कधी निघाला नाही.

परवानगी सुनेच्या चौथ्या अर्जावर आली. लग्नानंतर सव्वा वर्षाने. एका कर्मचाऱ्याने येऊन घराच्या समोर, रस्त्याच्या कडेला खुंटी ठोकली. इथे बांधा, इथून एक हातही मागे नको. समोरच्या दारात संडास कुणाच्याच घराला नसतो. मावशीला ते फार लाजिरवाणं वाटलं. सून म्हणाली, "लाज कायची? दार तं आपल्याइकडं करू." तिने गवंड्याकडून दार घराच्या बाजूला करून घेतलं आणि रस्त्याच्या बाजूच्या भिंतीला जाईचा वेल लावला. त्यानंतर टोलीतल्या आणखी सात घरांनी तिच्याकडून अर्ज लिहून घेतले. नाल्यापलीकडून तिची आई पाहायला आली. आत जाऊन आली, बाहेर येऊन म्हणाली, "पानी बरोबर जाते." मला पाहिलं तेव्हा मानेनेच नमस्कार केला.

मधल्या काळात कधी तरी मावशी मला परत बाई म्हणायला लागली होती. नेमकं कधीपासून, ते माझ्या लक्षात आलं नाही. वाटी मात्र पुन्हा झाकून ठेवली गेली नाही. मी डबा आणायची सवय करून घेतली होती.

नवव्या वर्षी माझी बदली सावनेरकडच्या एका शाळेत झाली. शेवटच्या दिवशी मावशीच्या घरी जेवण होतं. भात, वांग्याची भाजी. मावशी वडाभात करते म्हणाली होती, पण तिला बरं नव्हतं म्हणून सुनेने साधंच केलं. सुनेच्या कडेवर सात महिन्यांची मुलगी. नवऱ्याचे गुडघे बरे नव्हते, पण काठीवर भागत होतं. तो बाजेवर बसून नातीला टाळ्या वाजवून दाखवत होता. जेवणं झाल्यावर मावशी माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं, आता बोलून टाकावं. एवढ्या वर्षांत मी ते बोलले नव्हते.

"मावशी, तेव्हा मी तुम्हाला न विचारता फोन केला."

ती पदराने चेहरा पुसत होती. थांबली.

"इचारलं असतं तं मी नोको म्हतलं असतं," ती म्हणाली. "रातोरात बुजवून टाकलं असतं."

"मग मी केला नसता."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. मुलांना गणिताचं उत्तर तपासून सांगावं, तसा सपाट आवाज होता.

"केला असता बाई तुमी."

तिचं बरोबर होतं. ते मला त्या दिवशी खड्ड्यात वाकून पाहतानाच ठाऊक असायला हवं होतं. सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने विचारलं की सावनेरची शाळा कशी आहे, कोळशाच्या खाणी किती दूर आहेत, स्फोट ऐकू येतात काय. मी सांगितलं, अजून पाहिली नाही. मग मोठ्या गावातून बस निघायची वेळ झाली म्हणून मी उठले. मावशीच्या मुलाने त्या दिवशी सुट्टी घेतली होती. त्याने मला मोटारसायकलवर बसस्टॉपपर्यंत सोडलं.